दहा रुपयांचं लाइटबिल आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी एवढंच लिहिलं होतं की फोनवरच्या फसवणुकीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि मग जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. ठाण्यातनं, कळव्यातनं, खाडीपलीकडनं पार नेरुळपर्यंत. तीन-चार हाताने लिहिलेली पत्रं, बाकी सगळे व्हॉट्सॅप. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, राग मानू नका. आणि नावं कुणाचीच छापत नाही, कारण निम्म्या लोकांनी पहिल्याच ओळीत लिहिलंय, घरी माहीत नाहीये.

नमस्कार ताई. मी रिटायर्ड आहे. महिन्यापूर्वी मेसेज आला की तुमचं मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० ला लाइट कापणार, खालच्या नंबरवर ऑफिसरशी बोला. मी बिल भरलं होतं तरी म्हटलं विचारून घेऊ. माणूस फार सभ्य, काका काका करत होता. त्याने व्हॉट्सॅपवर एक अ‍ॅप पाठवलं, म्हणाला यातनं फक्त १० रुपये भरा म्हणजे सिस्टीममध्ये अपडेट होईल. मी भरले. अर्ध्या तासात ४८ हजार गेले. ताई, मी ओटीपी कुणालाही दिलेला नाही, शपथेवर सांगतो. मग गेले कसे? मुलाला चार दिवसांनी सांगितलं.
(कोपरी, ठाणे पूर्व)

काका, शपथ कशाला घेताय, तुम्ही ओटीपी दिला नाहीत हे मला पटतंय. तो त्याने परस्पर घेतला. व्हॉट्सॅपवर आलं ते अ‍ॅप म्हणजे एक फाइल असते, नावाच्या शेवटी डॉट एपीके असं असतं. ती उघडताना फोन बिचारा दोन-तीनदा विचारतो, की हे अनोळखी ठिकाणचं आहे, टाकू का, याला मेसेज वाचू देऊ का, आणि पलीकडनं तो म्हणत असतो अलाउ करा काका, हां, अजून एकदा अलाउ. झालं. त्यानंतर तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक एसेमेस त्यालाही दिसतो, काही अ‍ॅप तर तो मेसेज तुमच्यापासून लपवतात.

आणि ते दहा रुपये त्याला नकोच होते. त्याला हवं होतं ते पान, ज्यात तुम्ही कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, नाहीतर नेटबँकिंगचा पासवर्ड टाकलात. बँकेचं पान वाटावं असं बनवलेलं असतं, लोगोसकट. पासवर्ड तिथनं, ओटीपी अ‍ॅपमधनं, मग राहिलं काय.

बिलाचं म्हणाल तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकी असली तरी कनेक्शन तोडायच्या आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि मला सांगा, रात्री साडेनऊला लाइट कापायला कोण खांबावर चढतंय? वेळ रात्रीची देतात ती मुद्दाम. ऑफिस बंद, मुलगा अजून लोकलमध्ये लटकलेला, विचारायला कुणी नाही. शंका आली तर बिलावर छापलेला नंबर किंवा १९१२ लावायचा. मेसेजमधला नंबर कधीच नाही, कारण तो नंबर त्यानेच लिहिलाय ना, मग उचलणार कोण, तोच. हेच गॅसबिलाचं, हेच ट्रॅफिक चलानचं, हेच ते लग्नपत्रिकेच्या फाइलचं, जी उघडली की पत्रिका दिसतच नाही.

आता ते चार दिवस. काका, तुम्हाला बोलायला मला जड जातंय पण नुकसान त्या चार दिवसांनी जास्त केलं. असा पैसा एका खात्यातनं दुसऱ्या, तिथनं तिसऱ्या असा पळतो आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधनं निघतो. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला की तक्रार त्या त्या बँकेकडे जाते आणि पैसा जिथे पोचला असेल तिथे अडवायचा प्रयत्न होतो, म्हणून पहिला तासदोन तास सोन्याचा. शिवाय रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर आहे, मी बँकेत नोकरीला होते तेव्हा ते आम्हाला पाठ करायला लावलं होतं. त्यात असं आहे की चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची, आणि तुम्ही तीन वर्किंग दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही नाही. चूक तुमची असली तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणजे कळवलंत ती मिनिटं पैशात मोजली जातात. ४८ हजार परत येतील अशी खोटी आशा मी देत नाही. पण १९३० वर अजून केलं नसेल तर हे वाचून झाल्यावर करा. हाताशी व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूपीआयने गेले असतील तर तो १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा ओळख नंबर, ठेवा. बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, मी ३१ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेय, माझं ऐका.

आणि तो फोन? नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही. फोटो, नंबर बाजूला काढून पूर्ण रिसेट मारून घ्या, आणि पासवर्ड सगळे बदला, तेही दुसऱ्या फोनवरनं. तोवर त्यात बँक उघडू नका.

माझ्या नावावर दुसऱ्या कुणी सिम घेतलंय का ते कसं बघायचं?
(घणसोली)

सरकारचं संचार साथी म्हणून पोर्टल आहे, अ‍ॅपही आहे. त्यात आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ असू शकतात. अनोळखी दिसला की तिथेच "माझा नाही" करायचं. माझ्या मिस्टरांच्या नावावर एक जास्तीचा निघाला, दोन दिवस घरात गूढकथा चालली होती, शेवटी तो आमच्याच जुन्या डोंगलचा होता.

ताई, मी शिक्षिका होते, एकटी राहते. सकाळी फोन आला की तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या ड्रेसमधला माणूस, मागे ऑफिस, बोर्ड, सगळं. माझा आधार नंबर त्याने पूर्ण वाचून दाखवला. म्हणाला तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. साडेतीन तास मी खुर्चीवरनं उठले नाही. दुपारी कामवाली आली, मी दार उघडत नाही म्हणून तिने शेजारच्यांना बोलावलं, तेव्हा कॉल तुटला. पैसे गेले नाहीत. पण अजून रात्री वाटतं, खरंच केस असली तर?
(वाशी)

बाई, (शिक्षिका म्हटल्यावर मला बाईच म्हणायला येतंय) आधी तुमच्या त्या कामवालीला एक साडी घ्या.

खरंच केस असली तर काय होतं ते सांगते, म्हणजे रात्री झोप लागेल. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये अशा कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवून हेच सांगितलं होतं. खरी अटक झाली तर पोलिसांना तुमच्या घरच्याला किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवावं लागतं, ते त्यांच्यावर बंधन आहे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं, वकील घेऊ द्यावा लागतो. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी अटक करायची तर तसंच काही कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. आता बघा, खरे पोलीस म्हणणार घरच्यांना कळवा आणि हा म्हणत होता कुणाला सांगू नका. एवढ्या एका वाक्यावरनं ओळखता येतं, बाकी ड्रेस, बोर्ड, मागची वायरलेसची खरखर काही बघायचीच गरज नाही.

आधार नंबर त्याच्याकडे कसा, हे सगळ्यांनाच फार लागतं. अहो, आपण आयुष्यभर झेरॉक्स वाटत आलोय. लॉजवर, सिमकार्डाच्या छत्रीखाली, सोसायटीच्या ऑफिसात, कुठल्याशा लोनच्या फॉर्मला. नंबर माहीत असणं म्हणजे पोलीस असणं नव्हे, तसं तर तुमच्या झेरॉक्सवाल्यालाही अटक करायचा अधिकार मिळेल.

पुढे काय झालं असतं तेही सांगते, कारण बाकीच्यांना उपयोग होईल. त्याने म्हटलं असतं की तुमचे पैसे स्वच्छ आहेत का ते तपासायचंय, तर सगळे एफडी मोडून या सरकारी खात्यात टाका, तपासून परत देतो. असं खातं नसतं. माझी जुनी सहकारी अजून ब्रँचला आहे, ती म्हणते कुणी साठी-सत्तरीचं माणूस एकदम एफडी मोडायला आलं, कागद हातात थरथरतोय, आणि विचारलं तर म्हणतं फ्लॅट घ्यायचाय, तर ती आत बोलावून पाणी देते आणि फोन कुठेय विचारते. कित्येकदा पर्समध्ये कॉल चालूच असतो. फ्लॅटचं उत्तरही त्यांनीच पढवलेलं असतं. तेव्हा बँकेतल्या पोरीने जास्त प्रश्न विचारले तर चिडू नका हो, आम्हाला पूर्वी यावरनं फार ऐकून घ्यावं लागलंय.

तुमचे पैसे गेले नाहीत तरी तो नंबर संचार साथीवरच्या चक्षूमध्ये टाका, ते खास अशा संशयित कॉल आणि मेसेजसाठीच आहे. आणि कॉल नुसता कट करायचा, "सर, मी नंतर बोलू का" असं विचारायचं नाही. ही आपल्या पिढीची खोड आहे, चोराची पण परवानगी घेऊन फोन ठेवतो आपण.

हाय ताई, मी एसवायला आहे. टेलिग्रामवर हॉटेलला रेटिंग द्यायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी १५० मिळाले, मग २१०, खरंच खात्यात आले. मग प्रीपेड टास्क म्हणून २ हजार भरले त्याचे २,८०० मिळाले. आता १२ हजार अडकलेत, म्हणतात अजून १८ भरले की सगळे एकदम निघतील. ग्रुपमध्ये बाकीच्यांना मिळालेत, स्क्रीनशॉट आहेत. भरू का?
(ऐरोली)

नको भरूस. अरे तो ग्रुप म्हणजे नाटक कंपनी आहे, त्यात प्रेक्षक तू एकटाच. सुरुवातीला मिळाले ते तुझ्यावर केलेली गुंतवणूक होती, मासेवाला गळाला लावतो ते पण फुकटच असतं ना माशाला. स्क्रीनवर जी रक्कम दिसतेय ना, ती नुसती टाइप केलेली आहे, ते पैसे कुठेच नाहीत. १८ भरलेस की टॅक्स निघेल, मग चुकीचा आयएफएससी टाकलास म्हणून दंड निघेल. आजच १९३०, आणि आईला सांग, मार खाल्लास तरी १२ हजारांवर थांबेल.

आणि अजून एक, तू विचारलं नाहीयेस तरी सांगते कारण तुझ्याच वयाच्या पोरांना गाठतात. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला ५ हजार देतो" असं कुणी म्हटलं तर पळ. दुसऱ्या कुणाचे लुटलेले पैसे तुझ्या खात्यातनं जाणार, खातं गोठणार, आणि पोलीस येणार ते तुझ्याकडे कारण कागदावर नाव तुझं. "मला माहीत नव्हतं" हे नंतर सांगत बसावं लागतं, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या पोलीस स्टेशनात जाऊन.

माझं पोळीभाजी केंद्र आहे. एकाने फोन करून ३० डब्यांची ऑर्डर दिली, अ‍ॅडव्हान्स १,५०० पाठवतो म्हणाला. मेसेज आला १५,००० जमा. मग रडवेला होऊन फोन, ताई एक शून्य जास्त पडलं, हॉस्पिटलचे पैसे होते, १३,५०० परत करा ना. मी केले. नंतर बघते तर जमा काहीच नाही.
(खारीगाव, कळवा)

माझ्याबाबतीत हेच झालंय, फक्त आकडा छोटा होता. ठाणे स्टेशनला वाशी लोकलची वाट बघत होते, गर्दीत मेसेज आला ४,००० जमा, मागोमाग एका मुलीचा फोन, काकू चुकून तुमच्या नंबरवर गेले, फी भरायची शेवटची तारीख आहे. मी अक्षरशः अ‍ॅप उघडून पिन टाकायला गेले आणि गाडी आली. गाडीत चढायच्या नादात राहून गेलं. ऐरोलीला बसायला जागा मिळाली तेव्हा खातं उघडून बघितलं, काही आलेलंच नव्हतं. बँकेत आयुष्य घालवलेली बाई मी, वाचले ती कशामुळे तर रेल्वेच्या गर्दीमुळे.

तो जमा झाल्याचा मेसेज त्याने स्वतःच्या फोनवर टाइप केलेला असतो. नीट बघितलंत तर तो १० आकडी मोबाइल नंबरवरनं आलेला दिसेल, बँकेचा मेसेज तसा येत नाही. पण गडबडीत नीट कोण बघतंय, म्हणून नियम एकच ठेवा, मेसेज वाचून जमा धरायचंच नाही, अ‍ॅपमध्ये बॅलन्स बघूनच. खरंच कुणाचे चुकून आले असतील तर त्याला सांगायचं, तुझ्या बँकेत तक्रार कर, बँक माझ्याशी बोलेल. खरा माणूस जातो बँकेत.

धंदा आहे तर हेही माहीत असू द्या. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. बॅलन्स बघायला टाकता तो सोडला तर पिन टाकला म्हणजे पैसे तुमचेच जाणार. "क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा म्हणजे अ‍ॅडव्हान्स जमा होईल" हे पण त्यातलंच. एका माणसाने दुसऱ्याला कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे अ‍ॅपमधनं पैशाची मागणी, पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) बंद केली, ते बरं झालं, पण क्यूआरचा खेळ चालूच आहे. त्या १३,५०० चे १९३० ला कळवा, आणि पोलीस स्टेशनला गेलात आणि म्हणाले आमची हद्द नाही, तर झिरो एफआयआर म्हणायचं, हद्द कुठलीही असो, नोंदवून पुढे पाठवावी लागते.

एसेमेस खरा का खोटा कसा ओळखायचा, थोडक्यात सांगा.
(कोलशेत)

थोडक्यात म्हणताय तर बघते. कंपनीचा किंवा बँकेचा मेसेज मोबाइल नंबरवरनं न येता अक्षरांच्या नावाने येतो. २०२५ च्या मेपासून त्या नावाच्या शेवटी एक डॅश आणि इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहाराचा, जी म्हणजे सरकारी. ट्रायचा, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. बँकेच्या नावाने आलाय आणि मागे पी आहे, तर समजा काहीतरी विकतायत. फोनचंही तसंच, १४० ने सुरू होणारे जाहिरातीचे, आणि बँका वगैरेंच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची सिरीज दिलीय.

पण अक्षरं बरोबर दिसली म्हणून लिंक दाबायची नाही. बँकेच्या साइटचं नाव आता डॉट बँक डॉट इन ने संपतं, रिझर्व्ह बँकेने तसं करायला लावलंय, तेव्हा ते आपल्या हाताने टाइप करा. पोस्टाचं पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत अपडेट करा, हा मेसेज तर इतक्या लोकांनी मला पाठवलाय की पोस्टात तेवढी पार्सलं नसतील. तो खोटा आहे.

ताई, सासूबाई ७१ च्या आहेत, हुशार आहेत, पण आलेलं सगळं उघडतात आणि सगळं फॉरवर्ड करतात. काही बोललं की "मला काय कळत नाही का" म्हणून दुखावतात. कसं सांगू?
(नेरुळ)

तू सांगू नकोस. सुनेने सांगितलं की दुखावणारच, मी पण सासू आहे. नातवाला सांगायला लाव, नातवाचं चालतं.

पण त्याहून बरं म्हणजे सांगण्यावर फार भिस्त ठेवू नये, सोय करून ठेवावी. त्यांचं पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलं असेल तर काढा, वेगळं एक छोटं खातं जोडा ज्यात पाच-सात हजारच असतील, भाजी-औषधाला पुरतात. नेटबँकिंगमधनं एफडी मोडता येत असेल तर ती सोय बँकेत जाऊन बंद करता येते का विचारा. व्हॉट्सॅपला टू-स्टेप पिन लावून द्या, आणि एसेमेसने येणारा व्हॉट्सॅपचा सहा आकडी कोड कुणी मागितला, अगदी सख्ख्या भाचीच्या नंबरवरनं मागितला तरी द्यायचा नाही, कारण भाचीचं व्हॉट्सॅप आधीच गेलेलं असतं. कुणी फोनवर स्टार लावून काही नंबर डायल करायला सांगितला तरी नाही, त्याने आपले कॉल दुसरीकडे वळतात.

आमच्याकडे एक घरगुती शब्द ठरलाय. आवाज हुबेहूब काढता येतो आता, "आजी मी अपघातात सापडलोय, पैसे पाठव" असा फोन आला तर तो शब्द विचारायचा. शब्द काय ते अर्थातच इथे छापत नाही, पण एका पदार्थाचं नाव आहे आणि तो आमच्या सासूबाई फार वाईट करायच्या. त्यामुळे कुणी विसरत नाही.

आणि त्यांनी जर ती एपीके लग्नपत्रिका पुढे पाठवली असेल, तर आधी ग्रुपवर जाऊन सांग की उघडू नका आणि ती डिलिट फॉर एव्हरीवन कर. भजनी मंडळाच्या ग्रुपपासून सुरुवात कर, तिथे सगळ्यात लवकर उघडतात.